उताराचं पाणी

सकाळी दहाच्या सुमाराला ग्लाफिराच्या स्वयंपाकघरातला रेडिओ गाता गाता मध्येच गप्प झाला, आणि येफीम सावेलिचनं तोंडाशी नेलेला चहाचा पेला तसाच थांबला.

“गेली वीज,” त्याची बायको ग्लाफिरा म्हणाली. “वादळानं जंगलातली तार तोडली असणार. आपल्याला काय त्याचं? आपलं पाणी आपल्या पायांनी चालतं.”

हे वाक्य मुळात येफीमचं. बावीस वर्षं तो ते आमच्या तालिन्का गावाला ऐकवत आला होता. भट्टीत पाणी तापतं, हलकं होऊन माळ्यावरच्या टाकीपर्यंत चढतं, मग उतरत्या जाड पाइपातून खोल्याखोल्यांतले बिडाचे रेडिएटर तापवत, थंड होत परत भट्टीत येतं. पंप नको, वीज नको. त्या उतारापायी बैठकीतला पाइप भिंतीवरून तिरका गेलेला, आणि गावानं त्याची यथेच्छ टिंगल केलेली. पण गडी हटला नाही. पंप लावणाऱ्यांना तो आळशी म्हणायचा. घरोघर पंप बसवून देणारा तीखोन शेजारीच राहायचा, त्याला तर तोंडावर म्हणायचा.

आता खरं काय ते सांगून टाकतो. दोन महिन्यांपूर्वी येफीमनं स्वतःच्याच घरात पंप बसवला होता. मागची झोपायची खोली काही केल्या तापत नव्हती. ग्लाफिराचे गुडघे धरायचे, आणि तिनं स्वच्छ सांगितलं होतं की आणखी एक हिवाळा असाच जाणार असेल तर मी शहरात बहिणीकडे चालले, तू आणि तुझा उतार सुखानं नांदा. येफीमची गाळण उडाली. ती प्रार्थनेला गेलेली बघून त्यानं भट्टीमागे पंप बसवला, वर सरपण रचलं, आणि “उतार जरा नीट केला,” असं सांगितलं. खोली तापली. ग्लाफिरा राहिली.

आणि आता पंप बंद, बाहेर शून्याखाली अडतीस. पाणी जागीच थांबलं तर दुपारपर्यंत मागच्या खोलीतले पाइप फुटणार. नशीब इतकंच, की पंपाच्या बाजूनं पाण्याचा जुना रस्ता त्यानं तसाच ठेवला होता. त्याचा कॉक उघडला की काम झालं. तो लगबगीनं उठला आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात तीखोन, त्याची बायको रायसा, आणि गोधडीत गुंडाळलेली त्याची सासू अगाफ्या आजी.

“येफीम सावेलिच,” तीखोन खाली मान घालून म्हणाला, “पाइप फुटू नयेत म्हणून घरातलं सगळं पाणी बर्फात सोडून दिलं. घर गारठलं. तुम्हाला हसलो, त्याची फेड झाली म्हणा.”

येफीमला एरवी हे ऐकून स्वर्ग दोन बोटं उरला असता. आज त्यानं भट्टीमागच्या सरपणाकडे चोरून पाहिलं.

मागोमाग आणखी दोन घरं आली. लोकरीचे बूट दाराशी निघाले, त्यांवरचा बर्फ वितळला, जमिनीवर डबकी साचली. ग्लाफिरा फडकं आणि बादली घेऊन पुसत सुटली. अगाफ्या आजीला मागच्या खोलीत निजवलं.

“मला एकदा दाखवा,” तीखोन भट्टीकडे सरकला. “विजेशिवाय हे फिरतं कसं?”

“तिकडे नको!” येफीम सरपणापुढे स्टूल टाकून बसला. “रास ढासळेल. परवाच रचलंय.”

“मग रचलेलं जाळताय कशाला? पडवीत ढीगभर आहे की.”

“हे वाळलेलं आहे.”

मग तो एकेक ओंडका उचलून भट्टीत घालायचा आणि वाकला की हात मागे घालून कॉक फिरवायचा. कॉक घट्ट. एका ओंडक्याला पाव फेरा. अशानं भट्टी मात्र लाल झाली.

“अहो, किती घालताय?” रायसा म्हणाली. “आणि रेडिएटर तर कोमट लागतोय.”

“वेळ लागतो. चालत यायचंय त्याला,” येफीम कसाबसा म्हणाला.

अखेर कॉक पुरता उघडला. त्यानं पाइपाला हात लावला. काही नाही. उलट भट्टीच्या पोटात धाडकन आवाज झाला, मग आणखी एक. मागच्या खोलीतून अगाफ्या आजी ओरडली, “पाय गार पडले गं माझे!”

पाणी उकळतंय आणि पुढे जात नाहीये. म्हणजे वरचा पाइप रिकामा. येफीम शिडीनं माळ्यावर धावला, टाकीत हात घातला. टाकी कोरडी ठणठणीत. गेल्या महिन्यात काठोकाठ भरली होती. पंप होता तोवर कमी पाणीही तो ढकलून नेत होता, म्हणून कळलं नाही.

खाली येऊन बघतो तर ग्लाफिरा बैठकीतल्या रेडिएटरच्या खालच्या नळाला बादली लावून उभी. सिस्टिममध्ये भरलेलं पाणी पागोळ्यांचं, मऊ आणि आयतं गरम. विहिरीचं पाणी जड, त्यानं तिचे हात फुटायचे.

“हे कधीपासून?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

“तीन वर्षं,” तीही पुटपुटली. “जमीन पुसायलाच घेते. आज माणसं जास्त, म्हणून सहावी बादली.”

येफीमचं डोकं फिरलं. पण ओरडावं तर भट्टीमागचं पाप मनात टोचत होतं. भट्टी परत धडाडली.

“जाळ ओढा बाहेर!” तो ओरडला. “आणि सगळ्यांनी बादल्या घ्या. वर पाणी चढवायचंय.”

कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. रायसानं निखारे ओढले. विहिरीपासून शिडीपर्यंत माणसं उभी राहिली, आणि तीखोन माळ्यावरून बादल्या ओतत राहिला, बेतानं, भट्टीला तडा जाऊ नये म्हणून. अकराव्या बादलीला पाइपातून गुळगुळ आवाज आला. बाराव्याला वरचा पाइप तापला. थोडा जाळ घातला, आणि अर्ध्या तासानं मागच्या खोलीतून आजीचं घोरणं ऐकू आलं.

येफीम परत सरपणापुढच्या स्टुलावर जाऊन बसला. जमलेल्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

“वसंतात माझ्या घरी उतार घालून द्या,” तीखोन म्हणाला. “पंपावर माझा विश्वास राहिला नाही.”

आता येफीम रंगात आला. घसा खाकरून उभा राहिला. “हे बघ तीखोन, पाण्यावर जबरदस्ती करायची नसते. त्याला रस्ता द्यायचा. मग ते आपल्या...”

भरदुपारची वेळ, दिवा कुणी लावलेलाच नव्हता, आणि रेडिओचं बटण ग्लाफिरानं सकाळीच बंद केलं होतं. त्यामुळे वीज आलेली कळली ती सरपणामागून. घुंऽऽऽ.

सगळ्यांच्या माना सरपणाकडे वळल्या.

“फ्रिज,” ग्लाफिरा म्हणाली.

आमच्याकडे हिवाळ्यात फ्रिज बंदच असतो, मांस-मासळी पडवीतच गोठते. ग्लाफिराच्या फ्रिजचं दार सताड उघडं होतं, आणि आत लोकरीचे गुंडे ठेवलेले होते.

तीखोननं फ्रिजकडे पाहिलं, सरपणाकडे पाहिलं, मग येफीमच्या तोंडाकडे. गावात चाळीस पंप त्यानं बसवले होते. येफीमला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात आतून आजी पुन्हा घोरली.

“फ्रिजच आहे,” तीखोन म्हणाला. “बेअरिंग वाजतंय. बदलावं लागेल. येईन एकदा, परसदारानं.”

माणसं गेली. मग येफीमनं विचारलं, “तुला माहीत होतं?”

“दोन महिने भट्टीमागे माशी घोंगावते आहे, तीही हिवाळ्यात. बहिरी आहे का मी?”

“मग बोलली का नाहीस?”

“खोली गरम होती,” ती म्हणाली. “आणि तू इतक्या अभिमानानं उतार दाखवत होतास, म्हटलं, राहू दे.”

दाराशी पुन्हा डबकी साचली होती. ग्लाफिरानं रिकामी बादली उचलली, रेडिएटरच्या नळाशी गेली आणि थबकून त्याच्याकडे पाहिलं.

“घे,” येफीम म्हणाला, आणि विहिरीची बादली उचलून शिडी चढू लागला.