नांगर टाकताना भूपालअण्णा

आमच्या गल्लीत वाऱ्यावर ओरडणारा एकच मनुष्य आहे आणि दुर्दैवाने तो माझ्या शेजारी राहतो. सकाळी मी गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेलो की कठड्यापलीकडून आवाज येतो, "ह्यो काय वारा हाय? लाज वाटाय पायजे." प्रथम मला वाटे, शिवाजी पेठेतल्या वाऱ्याविषयी त्यांची काही तक्रार असावी. पुढे कळले, की हा राग घाटाखालच्या, मालवणच्या समुद्रावरच्या वाऱ्यावर असतो. तो वारा भूपालअण्णांना मोबाइलच्या पडद्यावर बाणांच्या रूपाने दिसतो. बाण वाकडे असले की अण्णांचा दिवस वाकडा जातो, आणि भिंत सामाईक असल्यामुळे माझाही.

अण्णांची उद्यमनगरात फौंड्री होती. लोखंडाचा रस ओतण्यात त्यांचा जन्म गेला आणि तिथल्या गोंगाटात कमावलेला आवाज त्यांनी निवृत्तीनंतर जसाच्या तसा घरी आणला. फौंड्री त्यांनी पुतण्याच्या हवाली केली. त्यांच्या वयाचे इतर जैन गृहस्थ अशा वेळी बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन शांतपणे बसतात. अण्णांनी गोव्यातून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली, मालवणजवळच्या एका खाडीत ठेवली आणि किनाऱ्यालगतच्या बेटांमागे नांगर टाकून मुक्काम करायला सुरुवात केली.

पेठेला हे समजायला वेळ लागला. तालमीच्या कट्ट्यावरून कोणीतरी विचारले, "अण्णा, एवढं लांब कशाला जातायसा? पंचगंगेत घाला की होडी."

"घालतो की," अण्णा म्हणाले, "आणि पुरात तुझ्या माडीच्या गजाला नांगर टाकतो. च्या ठेव तयार."

दुसऱ्या एकाने "बोटिंगला गेलता काय?" असे विचारले, तेव्हा अण्णा स्कूटर थांबवून खाली उतरले. "बोटिंग रंकाळ्यात करत्यात. पाय मारून. बदकाच्या होडीत." एवढे बोलून ते पुन्हा स्कूटरवर बसले. त्या गृहस्थांशी ते वर्षभर बोलले नाहीत.

अण्णांचा पहिला नांगर त्यांच्याच फौंड्रीत ओतलेला होता. बाजारातला तयार नांगर घेणे हा त्यांना आपल्या हयातीचा अपमान वाटला. स्वतः साचा करून त्यांनी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक देखणा नांगर ओतला, त्याला काळा रंग दिला आणि गल्लीतून मिरवत नेला. बीड कठीण असते, पण ठिसूळही असते, हे फौंड्रीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. अण्णांना तर त्यावर व्याख्यान देता आले असते. पहिल्याच बेटामागे तो नांगर खडकात अडकला, हिसका बसला, आणि वर आली ती नुसती दांडी. अण्णांनी त्याचा दोष समुद्राच्या तळाला दिला. पुढे त्यांनी पोलादी नांगर घेतला खरा, पण त्याच्याकडे ते आजही परक्या जावयाकडे पाहावे तसे पाहतात.

या सगळ्या प्रवासांत त्यांच्याबरोबर सुमतीवहिनी असत. वहिनी कमी बोलत. नांगर टाकताना अण्णा होडीच्या पुढच्या टोकाला दोर धरून उभे राहत, आणि मागे सुकाणू व लहानसे इंजिन वहिनींच्या हाती असे. पुढे जा, थांब, मागे घे, डावीकडे, हे सारे अण्णा हाताच्या खुणांनी सांगत. या खुणा फौंड्रीतल्या. रसाची बादली उचलणारा क्रेनवाला समोर उंचावर बसतो; त्याला गोंगाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून छातीसमोर हात धरून त्याला इशारे द्यायचे असतात. अण्णांनी तेच इशारे समुद्रावर नेले. तो बिडाचा नांगर सोडला, तर वहिनी होत्या तोवर त्यांच्या होडीचा नांगर कधी चुकल्याचे कोणी ऐकले नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर अण्णांनी जे जे सोबती नेले, ते सगळे भांडून परत आले. त्यांचे मेहुणे दुसऱ्या दिवशीच एसटीने आले, ओल्या कपड्यांनिशी. डोळ्यांचे एक डॉक्टर मित्र होते, त्यांना अण्णांनी भर समुद्रात "आधी सोताचं डोळं तपासून घ्या" असे सांगितले. मैत्री चाळीस वर्षांची होती. ती त्या बेटामागेच राहिली.

शेवटी पुण्याहून त्यांच्या मुलाचा, राजेंद्रचा, मला फोन आला. अण्णांचे एकट्याने समुद्रात जाणे त्याला मान्य नव्हते, आणि त्यात त्याची चूक नव्हती. शिमग्यापर्यंत कोणी टिकणारा सोबती मिळाला नाही तर होडी विकायची, गोव्याचे गिऱ्हाईक तयार आहे, असे बापलेकांत ठरले होते. "काका, तुम्ही एकदा जाऊन बघाल का?" तो म्हणाला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला मनुष्य. पोहता येते, एवढीच माझी पात्रता. नाही म्हणण्याची वाक्ये मी मनात जुळवीत होतो, तोवर अण्णा दारात उभे होते.

"सर, तुमी उलटं बोलत न्हाय. चला."

ही प्रशंसा नव्हती हे मला कळत होते. मला राग येत नाही असा लोकांचा समज आहे. मला पुष्कळ राग येतो. तो घशापर्यंत येतो आणि मी पाणी पितो.

त्या शनिवारी मी भरपूर पाणी प्यालो. घाट उतरताना अण्णा पुढच्या ट्रकवर रागावले, खाडीवर होडी राखणाऱ्यावर रागावले, आणि शीड वर चढवताना माझ्या गाठींवर रागावले. "ही गाठ न्हाय सर, ही निस्ती समजूत हाय." समुद्र मात्र इतका शांत आणि निळा होता की त्या माणसाला त्याचा आनंद का घेता येऊ नये, या विचाराने माझाच संताप वाढत गेला.

दुपार कलताच त्यांची घाई सुरू झाली. अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत. वहिनींचाही तोच नेम होता. शिवाय होडी नांगरावर स्थिर झाल्याखेरीज अन्नाला हात लावायचा नाही, हा अण्णांचा स्वतःचा नियम. म्हणजे नांगर वेळेत लागला तर जेवण, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

आम्ही एका लहानशा, माडही नसलेल्या बेटाच्या आडोशाला आलो. शीड उतरवले. अण्णा पुढे जाऊन उभे राहिले, मी मागे सुकाणू धरले. आणि मग मला समोर अण्णांची पाठ दिसू लागली. रुंद, पांढरा सदरा घातलेली, घामाने भिजलेली पाठ. तिच्या पलीकडे त्यांचे हात काहीतरी करीत होते. अधूनमधून एखादे कोपर बाहेर येई आणि आत जाई.

मी कोपरावरून अंदाज केला. इंजिन पुढे घातले. पुढे जायचे नव्हते.

"मागं. मागं म्हटलं की मी. काय करालायसा?"

नांगर पडला, पण होडी त्याच्यावरच चढली. तो पुन्हा उचलावा लागला. सत्तरीचा मनुष्य ते ओले वजन हाताने वर ओढत होता आणि दर हातागणिक माझ्या शिक्षणाचा उद्धार करीत होता. दुसऱ्यांदा मी थांबलो, तेव्हा मागे जायचे होते. नांगर वाळूवरून फरफटत आला. सूर्य बेटाच्या माथ्याला टेकला.

"एवढी पुस्तकं वाचलीसा, एक हात वाचाय येत न्हाय?"

त्या क्षणी घशाशी आलेला राग प्रथमच खाली गेला नाही.

"कोणता हात?" मी म्हणालो, आणि तो आवाज माझा आहे हे मला उशिरा कळले. "मला तुमचा एकही हात दिसत नाही, अण्णा. मला तुमची पाठ दिसते. दुपारपासून मी तुमच्या पाठीच्या शिव्या खातो आहे. तुमचे मेहुणे आंधळे नव्हते, डॉक्टर आंधळे नव्हते. तुम्ही छातीसमोर हात हलवता, ते समोरच्या समुद्राला दिसत असतील. मागे बसलेल्या माणसाला ते दिसत नाहीत."

अण्णा वळले. होडी वाऱ्याने हळूहळू फिरत होती.

"तिला बरं दिसत हुतं," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा त्यांनी खुणा केल्याच नाहीत, तोंडाने सांगितले, तेही हळू. नांगर रुतला. होडी मागे सरकून दोराच्या ताणावर थांबली. तोवर बेटाआड सूर्य बुडाला होता.

मी भांडी बाहेर काढली नाहीत. ते उपाशी राहणार असताना मी जेवणे मला प्रशस्त वाटेना. अण्णा मात्र उठले, स्टोव्ह पेटवला आणि मुगाची खिचडी टाकली. अंधार पडू लागताच चिलटे येतात म्हणून त्यांनी विजेरी हात लांब करून धरली आणि भांड्यावर झाकण ठेवले. त्यांच्या घरात या वेळी चूल पेटत नाही, हे मला ठाऊक होते.

"अण्णा, राहू द्या."

"तुमी कशाला उपाशी? नेम माझा हाय, तुमचा न्हाय. खावा गप." मी जेवत असताना ते शेजारी बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "राजूला सांगतो उद्या. इकून टाक म्हणतो. ती हुती तवर जमलं. आता माझंच काय जमंना."

मी झोपलो तो रागातच. होडी विकली जाणार म्हणून नव्हे. एवढी साधी गोष्ट हा मनुष्य ऐकून घेत नाही म्हणून.

सकाळी त्यांनी पाणी घेतले, चार भाकऱ्यांतल्या तीन खाल्ल्या आणि नांगर उचलायला पुढे निघाले. मी आडवा झालो. "आज पुढे मी. तुम्ही मागे बसा."

"तुमाला उचलंल व्हय नांगर?"

"उचलायचा नाही अजून. नुसते बसा आणि बघा."

माझ्या आवाजात आदल्या दिवशीचे काहीतरी उरले असावे, कारण ते बसले. मी पुढच्या टोकाला गेलो, त्यांच्यासारखा पाय रोवून उभा राहिलो आणि छातीसमोर हात धरून त्यांच्याच खुणा एकामागून एक केल्या. पुढे. थांब. मागे. डावीकडे. मग वळून पाहिले.

अण्णा सुकाणू धरून बसले होते. डोळे बारीक केलेले, मान थोडी एका बाजूला.

"काय सांगितलं मी?"

"काय कळालं न्हाय," ते म्हणाले. "निस्ती पाठ."

पाणी होडीच्या बुडाशी आपटत होते. मी जिंकलो होतो, आणि त्या जिंकण्याचा मला किंचितही आनंद झाला नाही. पुढे कोणी उभे असताना अण्णा कधी त्या जागेवर बसलेच नव्हते. इतक्या वर्षांत नांगर टाकताना ते कायम पुढे होते.

"मग ती कसं करत हुती, सर?"

"मला काय ठाऊक?"

"खांद्यावरनं वळखत असंल," अण्णा म्हणाले. "मी रागावलोय का दमलोय, त्यावरनं. दुसरं काय दिसतंय हितनं?" थोडा वेळ ते सुकाणूच्या गुळगुळीत झालेल्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिले. "एकदा सांगिटलं न्हाय बगा. हात दिसत न्हाय म्हणून."

"सांगितले असते तर तुम्ही ओरडला असता."

"व्हय. वरडलो असतो."

मग त्यांनी राजेंद्रला फोन लावला. बेटाआड आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून ते नेहमीच्या पट्टीत बोलले. "इकायची न्हाय. मिळालाय माणूस. लई भांडतोय." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन खिशात ठेवून ते पुन्हा सुकाणूपाशी बसले. आता नांगर उचलायची आज्ञा होईल म्हणून मी दोराला हात घातला.

"ऱ्हाऊ दे जरा," ते म्हणाले. "परत एकदा पाठमोरं व्हा, सर."

मी पाठमोरा झालो आणि समुद्राकडे पाहत उभा राहिलो. मागून बराच वेळ कोणी ओरडले नाही.