वापरलेला टोमॅटो

परदेशात स्थिरावलेल्या माणसाला आपल्या आईला तिथली शिस्त दाखवायची फार हौस असते. आपल्या या चिरंजीवांना ती जरा जास्तच होती. पण आईचं शिस्तीकडे लक्ष नव्हतं. घरपोच येणाऱ्या पाकिटातली भाजी पाहून ती रोज कावायची. "भाजी मी माझ्या हातानं निवडीन. एवढंही जमत नसेल तर परत पाठव मला," असं तिनं परवा सांगून टाकलं आणि चिरंजीवांचं धाबं दणाणलं. आई त्यांना प्रेमापोटी हवी होतीच. शिवाय नवरा-बायको दोघंही कामावर जात आणि लेक अजून रांगत होती. म्हणून रविवारी सकाळी ते आईला चौकातल्या भाजीबाजारात घेऊन गेले.

उघड्यावरचा बाजार पाहून आई खुलली. स्वेटरच्या बाह्या सरसावून ती तडक टोमॅटोंपाशी गेली, एक उचलला आणि अंगठ्यानं हलकेच दाबला.

"हा आता वापरलेला झाला," भाजीवाली शांतपणे म्हणाली आणि तिनं वर टांगलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. मालाला हात लावू नये, असं तिथं लिहिलं होतं.

"अगं, मी नुसता दाबला, चिरला नाही."

"दाबणं म्हणजे वापरच. नियमात तशी व्याख्या आहे."

"आई, इथे सगळं सिस्टिमनं चालतं," चिरंजीव कौतुकानं म्हणाले.

"चालू दे की. पण आतून कसा आहे ते कळायचं कसं?"

या प्रश्नाचा बाजार समितीनं आधीच विचार केलेला होता. भाजीवालीनं घंटी वाजवली आणि अधिकृत स्पर्शक हजर झाला. त्याच्या छातीवर बिल्ला होता आणि हातांत कोपरापर्यंत जाड रबरी मोजे. बघ, सोय आहे, अशा नजरेनं चिरंजीवांनी आईकडे पाहिलं.

स्पर्शकानं एक टोमॅटो उचलला, डोळे मिटून दाबला आणि जाहीर केलं, "स्पर्श झाला."

"ते दिसलं मला. मऊ आहे का?"

"ते मत झालं, आजी. मत द्यायला वेगळा अधिकारी असतो. तो माल बघत नाही, म्हणून त्याचं मत निःपक्षपाती असतं."

"बरं, निदान पिकलाय का?"

"हरकत घेण्यासारखं काही जाणवलं नाही." त्या मोज्यांतून काहीच जाणवत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. तसं त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आईनं तो टोमॅटो घ्यायला हात पुढे केला तशी भाजीवाली दचकली. तपासलेला टोमॅटो म्हणजे हात लागलेला, आणि हात लागलेला म्हणजे वापरलेला. तिनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि चिमट्यानं दुसराच उचलून पिशवीत घातला.

"म्हणजे चांगला निघाला तो फेकायचा आणि कुणी न बघितलेला घरी न्यायचा?"

"चांगला निघाला हे सिद्ध झालं ना, आजी? मग झालं तर," स्पर्शक म्हणाला.

मागे रांग वाढत होती. "गेली कित्येक वर्षं मी इथूनच भाजी नेतो," रांगेतले एक गृहस्थ समजुतीनं म्हणाले. "निम्मी सडकी निघते. पण रांग बघा किती सरळ आहे!"

आईला राहवलं नाही. तिनं शेजारच्या ढिगातली फरसबीची एक शेंग उचलून मोडली. कट्कन आवाज झाला आणि तिचा चेहरा उजळला. "बघ, ही कोवळी आहे!" ती मुलाला म्हणाली.

शेंगेला शेंग लागून असल्यामुळे अख्खा ढीग वापरलेला ठरला. रांगेतल्या नजरा चिरंजीवांकडे वळल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माफ करा हं," ते घाईघाईनं म्हणाले. "ती नवीन आहे इथे. परत नाही करणार."

आईनं मुलाकडे एकदा पाहिलं. मग तिनं दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले, ते घर येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. चिरंजीवांना बरं वाटलं. आई शिकतेय, असं त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. चिरंजीव दारातच थांबले.

"आई, बरी आहेस ना?"

"तिथून कशी दिसते?"

"बरी दिसतेस."

"मग तसंच समज."

चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. पलंगाशी आईची मोठी बॅग उभी होती, कुलूप लावलेली. ती रिकामीच असणार, हे त्यांनी दारातूनच ठरवलं आणि बहिणीला फोन लावला.

"आई राहतेय. अगदी मजेत आहे."

"नीट पाहिलंस ना?"

"म्हणजे काय! आत्ता समोर उभा राहून पाहिलं."

वाचकांनी या बाजाराला खुशाल हसावं. आपल्या घरांतही आईची चौकशी याच पद्धतीनं होते. फक्त तिथं पाटी लावलेली नसते.