शब्बीरमामूंची हजेरी

शब्बीरमामू वाक्याच्या मधोमध झोपायचे. पेंगायचे नाहीत, जांभईबिंभई काही नाही, सरळ झोपायचे. "बाई, काल इतवाऱ्याच्या बाजारात कांदे लई," एवढं म्हणायचे आणि हनुवटी छातीवर. मी आपली पुढ्यातले तांदूळ निवडत बसायची. दोन-चार मिनिटांनी मान वर यायची, डोळे उघडायच्या आधीच तोंडातून यायचं, "हाय मी, हाय," वर्गात हजेरी देणाऱ्या पोरासारखं, आणि लगेच पुढचं, "महाग झाले." तोवर कांद्याचा विषय माझ्या डोक्यातून गेलेला असायचा.

झोपलात का, असं विचारायची सोय नव्हती. राग यायचा त्यांना. झोपलो न्हाई बाई, डोळ्याला सावली देऊन राहिलो, म्हणायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी बिलोली तालुक्यात. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्याच वर्षी रिटायर झाले आणि नांदेडला देगलूर नाक्याकडे दोन खोल्या घेतल्या त्या एकाच इच्छेनं, की आता पोटभर झोपायचं. आणि नशिबाला भिंत आली ती मामूंची. एक वीट जाडीची. दिवे मालवले की पलीकडून पाण्याचा टँकर चढ चढायला लागायचा. चढता चढता मधेच गप्प. मी श्वास धरून पडायची, की आता थांबलं, देवा तूच पावलास. आणि मग जो काही भडका उडायचा, की मांडणीतली भांडी वाजायची. मी जुनी लाकडी फुटपट्टी घेऊन भिंतीवर ठोके द्यायची. पलीकडून "हाय मी, हाय," आणि पुन्हा टँकर.

मामू शाळेची रिक्षा चालवायचे. नऊ पोरं. पोरांचे मामू म्हणून सगळ्या गल्लीचे मामू. माझ्याच वयाचा माणूस, पण मीही मामूच म्हणते. बायको वारलेली, मुलगी उदगीरला दिलेली. घरात ते आणि त्यांची आई, अम्मा. अम्मांचं वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळे गेलेले. आणि ह्या मामूंची एक खोड होती, जिच्यापायी मी त्यांच्याशी दोनदा भांडले. सकाळी रिक्षा काढली की माझ्या दारात उभी करून हॉर्न दाबायचे. अहो, माझ्या घरातून कोण जायचंय शाळेत? मी पदराला हात पुसत बाहेर येऊन दिसेपर्यंत वाजवणार, मग जाणार. विचारलं तर म्हणायचे, सवय हाय बाई. असली कसली सवय.

तर झालं असं, की एकदा रेल्वे फाटकावर रिक्षा थांबली आणि मामू झोपले. गाडी गेली, फाटक उघडलं, मागे हॉर्नचा कल्ला, मामू ढिम्म. शेवटी पहिलीतल्या एका पोरीनं पाण्याची बाटली त्यांच्या कॉलरमध्ये ओतली. ते पोरांनी घरोघर हसत सांगितलं, मामूही हसले. पण पुढच्याच आठवड्यात चालत्या रिक्षात डोळा लागला आणि पुढचं चाक नालीत गेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका पोरीचा डबा तेवढा सांडला. मामूंनी रस्त्यावरची तिची शंकरपाळी एक एक करून वेचली, आणि पोरं आत बसवून रिक्षा ढकलत ढकलत सगळ्यांना घरी पोचवलं. इंजिन काही सुरू केलं नाही.

मग माझ्या दारात आले आणि चावी पुढं केली. म्हणाले, "ठेवा. मी मागितली तरी देऊ नका. रडलो तरी देऊ नका."

माझ्याकडे का, म्हटलं. तर म्हणे, गल्लीत तुमच्याइतकं कडक कुणी न्हाई. कौतुक होतं का काय होतं, मला आजवर कळलेलं नाही. चावी मी खडूच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामू हजर. बाई, ते चावीचं मी गमतीनं म्हटलं होतं. मी दार लावून घेतलं. पुढं ते रोजचंच झालं.

उदगीरची मुलगी आली आणि त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, सोबत मला ओढलं. एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मग जीव घाबरून दचकतो; रात्रभर हेच चालतं, म्हणून दिवसा झोप येते. मशीन लावा, नाहीतर हृदयावर जाईल, आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही. मामूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, श्वास बंद होतो तर मग घोरतं कोण? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, मी विज्ञान शिकवत नव्हते.

मशीन आलं. डब्याएवढं, त्याला नळी, नळीला नाकावर बसायचा मास्क, मास्कला पट्टे. रात्रभर नाकातून दाबानं हवा सोडतं, म्हणजे घसा मिटत नाही. मामूंनी ते आधी गाडीसारखं चारी बाजूंनी पाहिलं, काळा दोरा बांधला, आणि किती पॉइंट हवा हाय, असं टायरवाल्याला विचारावं तसं विचारलं. सवय व्हावी म्हणून आधी दुपारी लावायचं ठरलं. बाजेवर मामू, उशाशी मशीन, आणि दारात रिक्षातली नऊच्या नऊ पोरं. मामूंनी मास्क चढवला आणि पोरांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नाकातून गेलेली सगळी हवा तोंडातून फुर्रकन बाहेर. पोरं लोळायची बाकी राहिली.

मशीनमध्ये हवा ओली व्हायला शुद्ध केलेलं पाणी घालावं लागतं. मामूंनी घातलं बॅटरीचं पाणी. गाडीला चालतं तर मला काय होतंय, म्हणे. ते मी ओतून टाकलं आणि मेडिकलमधून दुसरं आणायला लावलं. तर त्यात त्यांनी अत्तराचे दोन थेंब टाकले, खसचं अत्तर, हवेला काही वास पाहिजे की न्हाई म्हणून. दोन दिवस शिंका. मग पट्टा कानावर लागतो म्हणून कानात कापूस, कापसानं ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलणं. मी थकले हो. बत्तीस वर्षांत साठ साठ पोरांच्या वर्गानं मला एवढं थकवलं नव्हतं.

पण दुपारी झोपायला लागले नीट. तास दीड तास, आवाज नाही, दचकणं नाही. मला वाटलं, सुटलो. आणि महिना झाला तरी मामू वाक्याच्या मधोमध झोपायचे ते झोपायचेच. ओट्यावर बसून एकदा तर नुसतं "बाई" म्हणाले आणि गेले. भिंतीपलीकडचा टँकरही चालूच. म्हटलं मशीन खोटं निघालं.

डॉक्टरांकडे गेलो. त्या मशीनमध्ये एक छोटं कार्ड असतं, कधी लावलं, किती वेळ लावलं, सगळं त्यात उतरतं. डॉक्टरांनी ते संगणकात घालून पाहिलं आणि चष्मा काढला. दुपारी लावलंय, रोज. रात्री पहिले तीन दिवस थोडं थोडं. त्यानंतर एकदाही नाही.

घरी ओट्यावर आल्यावर मी फाडफाड बोलले. म्हटलं, मला काय खुळी समजता का? नऊ घरची लेकरं दुसऱ्याच्या रिक्षात कोंबून जातायत, त्यांच्या आया मला विचारतात मामू कधी येणार, आणि तुम्ही रात्री मशीन उशाशी ठेवून घोरता? मरायचंय का? मामू खाली मान घालून ऐकत होते. मला आधी वाटलं झोपले. पण जागे होते.

"अम्मा झोपत न्हाई," म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. मामूंचे अब्बाही असेच घोरायचे. एका रात्री त्यांचं घोरणं थांबलं. अम्मांना वाटलं, चला, आज माणूस शांत झोपला, आणि त्याही पाठ फिरवून झोपल्या. सकाळी अब्बा गेलेले होते. तेव्हापासून अम्मांना शांतता सोसत नाही. डोळे गेल्यापासून तर पोरगा घोरतोय म्हणजे पोरगा आहे, एवढाच हिशोब. मशीन लावलं आणि आवाज बंद झाला, तशा त्या दोन बाजांमधल्या पडद्यापलीकडून हाका मारायला लागल्या. शब्बीर, शब्बीर. मास्कमधून बोलता येत नाही. काढून "हाय मी, हाय" म्हणायचं, पुन्हा लावायचं, पाच मिनिटांत पुन्हा हाक. तीन रात्री असं केलं. चौथ्या रात्री मास्क काढून ठेवला.

"ती तीन रात्री बसून होती, बाई. तिला झोप पाहिजे म्हणून घोरतो," म्हणाले.

मला माझ्या फुटपट्टीची लाज वाटली. किती वर्षं मी त्या भिंतीवर ठोके देत होते, आणि तेच घोरणं ऐकत पलीकडे एक म्हातारी निवांत झोपायची.

पण लाज वाटून काय उपयोग, मास्तरणीला उत्तर काढावं लागतं. मी एक शक्कल लढवली. दुपारी मामूंना मशीनशिवाय झोपवलं, मोबाइलमध्ये त्यांचं घोरणं भरून घेतलं, आणि अम्मांच्या उशाशी लावलं. अम्मा सुपारी चघळत मन लावून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ही दुपारची झोप आहे, मागे भंगारवाला ओरडतोय. आणि मोबाइल चाचपून माझ्या हातात परत दिला.

मग मी सरळच सांगितलं त्यांना. काही झाकलं नाही. म्हटलं, अम्मा, त्याच्या अब्बांना होतं तेच दुखणं ह्याला आहे. घोरणं थांबणं वाईट नाही, घोरणंच वाईट आहे. अम्मांची मान खाली गेली. मला वाटलं ह्याही मुलासारख्या बसल्या जागी झोपल्या. मग त्यांनी मला पेटीतली दोरी काढायला सांगितली.

पाळण्याची दोरी. सुती, हाताळून मऊ झालेली. अम्मा बिड्या वळायच्या. दोन्ही हात तेंदूच्या पानांत, म्हणून पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायच्या, आणि बिड्या वळता वळता पाय हलवून शब्बीरला झोपवायच्या. ती दोरी त्यांनी ठेवली होती. त्यांनी मामूंना बाजेवर आडवं व्हायला लावलं, मास्क लावायला लावला, एक टोक चाचपत त्यांच्या छातीभोवती बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. मामू अर्ध्या मिनिटात झोपले, त्यात त्यांचा हात कोण धरणार. मशीन बारीक सूं सूं करत होतं. छाती वर झाली की दोरी ताणायची, अम्मांचं मनगट जरासं ओढलं जायचं. खाली गेली की सैल. अम्मा तोंडातल्या तोंडात मोजत होत्या का दुआ म्हणत होत्या कोण जाणे. थोड्या वेळानं त्यांची मान भिंतीला टेकली, तोंड उघडं पडलं, आणि त्या घोरायला लागल्या. बारीक, पण घोरायला लागल्या. पडदा त्या दिवसापासून कायमचा बाजूला झाला.

मी तिथंच दाराशी बसून रडले. दुपारचे तीन वाजले होते, गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून रडले.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि रिक्षा चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मामू चावी मागायला आले. मी म्हटलं, डॉक्टरांचं झालं, माझी परीक्षा राहिली. त्यांना ओट्यावर बसवलं, समोर पेपर धरला आणि जमिनीच्या वादाची जाहीर नोटीस मोठ्यानं वाचायला लावली. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. ती ऐकता ऐकता मलाच जांभया यायला लागल्या. मामूंनी शेवटच्या वकिलाच्या पत्त्यापर्यंत वाचली आणि वर विचारलं, खालची बी वाचू का? मी उठले, खडूचा डबा काढला, चावी दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि गेले.

दोरी बांधल्यापासून भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं, तसं त्या रात्रीही आलं नाही. पहाटेपर्यंत माझा डोळा लागला नाही, ते वेगळंच.

सकाळी सात वाजता दारात हॉर्न. मी आत होते, गॅसवर चहा उतू जायला आलेला. चिडून बाहेर आले आणि म्हटलं, मामू, आज शेवटचं विचारते, माझ्या दारात हॉर्न कशाला? पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली. मामूंनी मागं वळून त्यांना गप्प केलं. मग माझ्याकडे न बघता, आरसा पुसत म्हणाले, "तुम्ही एकल्या राहता. अम्मा रोज विचारते, बाईनं दार उघडलं का."

मी पायरीवरच थांबले. सहा वर्षं. रोज सकाळी. आणि रिक्षा उभी होती त्या महिन्यांत, आता आठवलं, मामू सात वाजता चावी मागायला यायचे, मी नाही म्हणायची, आणि ते एवढंसुद्धा न भांडता परत जायचे.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा मी दाराशी आधीच उभी होते. कवाड ढकललं आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगितलं, "हाय मी, हाय."