नेडच्या वाफ्यातली काउंटी

"मला शिकवू नका! कार्यक्रम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" असं गावच्या समितीला ठणकावून विनी गार्बटने सगळं काम एकटीच्या अंगावर घेतलं. तिचा नवरा नेड गेली तीस वर्षं टीस नदीत बुडणाऱ्यांना बाहेर काढत आला होता. त्याला पदक मिळालं होतं, आणि ते राजाच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, प्रतिनिधीने त्याच्या छातीवर लावायचं होतं. पण कुठल्या काउंटीच्या? विनीने दारातल्या कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. कचरा नेते नदीपलीकडची कौन्सिल, आणि पलीकडे डरहॅम. झालं! लावला डरहॅमला फोन!

रविवारी डरहॅमचे राजप्रतिनिधी सर ह्यूगो आले. गणवेश कडक, कमरेला तलवार.

"डरहॅमचा माणूस?" नेड दारातच आडवा आला. "विनी, अगं मी यॉर्कशायरचा! माझा आजा यॉर्कशायरचा!"

"पण कचरा पलीकडचेच नेतात ना?"

"कचरा खुशाल नेऊ देत! छाती नाही मिळायची!"

सर ह्यूगो रागावतील असं विनीला वाटलं, पण त्यांचे डोळे चमकले. "यांचं बरोबर आहे हो! कचऱ्याची हद्द वेगळी, राजाची वेगळी. राजाच्या हिशेबी नदीच्या अलीकडे यॉर्कशायर. इथे माझी तलवार म्हणजे लोण्याची सुरी! किती मजेदार, नाही?"

विनीला काडीचीही मजा वाटली नाही. बाहेर खुर्च्यांवर अख्खं गाव बसलेलं, आणि समिती तर तिचं नाक कधी कापलं जातंय याचीच वाट बघत होती.

"नेड, नावेने पाच मिनिटं पलीकडे जाऊन येऊ या?"

"मेलो तरी डरहॅममध्ये पाय ठेवणार नाही!"

वेळ काढायला विनीने पाहुण्यांना मागच्या बागेत नेडच्या लीक दाखवायला नेलं. लीक म्हणजे पातीच्या कांद्याची थोरली बहीण, आणि नेडच्या तर मनगटाएवढ्या जाड. 'यॉर्कशायरच्या मातीतली उत्तम लीक' हा चषक गेली नऊ वर्षं त्याच्याच घरात होता. सर ह्यूगो वाकले, तलवार पायात आली आणि ते वाफ्यातल्या एका दगडावर आदळले. शेवाळ निघालं. दगडाच्या घराकडच्या बाजूला कोरलं होतं 'यॉर्कशायर', दुसऱ्या बाजूला 'डरहॅम'!

"अहाहा!" सर ह्यूगो चिखलातच गुडघ्यांवर बसले. "पूर्वी नदी इथून वळायची! पुढे तिला सरळ केलं, पण हद्द जुन्या पात्रातच राहिली. बाई, मी माझ्याच काउंटीत बसलोय!"

विनीच्या डोक्यात वीज चमकली. ती घराकडे तोंड करून किंचाळली, "नेड! साहेब तुझ्या लीक तुडवतायत रे!"

नेड वळूसारखा धावत आला. "व्हा बाहेर! आधी बाहेर व्हा वाफ्यातून!" तो दगड ओलांडतो न ओलांडतो तोच सर ह्यूगोंनी पदक त्याच्या छातीवर टाचलं. आरडाओरडा ऐकून मागे धावलेल्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. विनीने समितीकडे एकदा मान वळवून पाहिलं.

"अभिनंदन!" सर ह्यूगो म्हणाले. "डरहॅमच्या मातीत उभे आहात, तेव्हा पदक पक्कं!"

नेडने दगड पाहिला. मग पदक पाहिलं. मग दगडाच्या डरहॅमकडच्या बाजूला उभ्या लीक पाहिल्या आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"विनी... मग चषक?"

कुणी काही बोलायच्या आत त्याने पदक काढून सर ह्यूगोंच्या हातात कोंबलं आणि फावड्याने दगडावर खताचा ढीग लोटला. "इथे दगडबिगड काही नाही! साहेब, तुम्ही पडलात ते यॉर्कशायरमध्ये!"

सोमवारी विनीने यॉर्कशायरला फोन लावला. आवाज जरा खालच्या पट्टीत होता. "साहेब, पदक लावायला याल का? स्वयंपाकघरातच उरकू या. आणि एक विचारायचं होतं... तुम्हाला बागकामाची आवड नाही ना?"