नांगराने वाढलेला कार्बन

आमच्या प्रयोगशाळेत अचूक काम करणारी व्यक्ती एकच: मी! बाकी सगळा आनंद. सर दशांशानंतरच्या आकड्यांना ‘किरकोळ’ म्हणतात आणि मदतनीस मामा वजनकाट्यावर बिनधास्त जेवणाचा डबा ठेवतात.

काम सोपं होतं. आमच्या खाडीच्या तळाशी समुद्री गवताची कुरणं आहेत. हे गवत कार्बन शोषतं आणि तो मुळांखालच्या गाळात शेकडो वर्षं गाडलेला राहतो. पण नाववाले नेमके तिथेच नांगर टाकतात. गवत उपटलं जातं, गाळ ढवळला जातो, साठा विस्कटतो. नांगरांवर बंदी घालून नावा बांधायला कायमचे तरंगते बोये बसवायचे का, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं. पुरावा? माझे आकडे!

अखंड कुरणातला गाळ मी स्वतः दळून तपासला. तीन टक्के कार्बन. नांगराच्या जागेचे बारा नमुने मामांकडे दिले. प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी, शिवाय आत एक पिवळी, जाड पुठ्ठ्याची. अचूकता म्हणतात ती हीच!

“ताई, दळायच्या आधी ही आतली...”

“मामा, नमुन्यातून कणभरही काही बाहेर काढायचं नाही! डोकं चालवू नका, फक्त दळा!”

“बरं बाई.”

मला अपेक्षा होती एका टक्क्याहून कमीची. आले साडेचार!

सर खुर्चीतून उडालेच. “क्रांतिकारक! नांगर पडला की गवत घाबरतं आणि भराभर कार्बन गाडतं!”

गवत घाबरतं! या माणसाला डॉक्टरेट कुणी दिली?

“सर, भुकटीत पिवळे कण दिसताहेत.”

“परागकण! गवत फुलावर आलंय!”

आणि मी पुन्हा तपासेपर्यंत सरांनी अहवाल गावभर पाठवला.

शुक्रवारी नाववाल्यांचे अध्यक्ष अहवाल फडकवत उभे राहिले. “म्हणजे इतकी वर्षं पृथ्वी आम्ही वाचवतोय! आणि ही पोरगी आम्हालाच गुन्हेगार म्हणत होती! उद्यापासून दोन-दोन नांगर टाकतो!”

टाळ्यांचा कडकडाट. त्या आपल्यासाठीच आहेत असं समजून सर मान तुकवत होते. माझी कुरणं डोळ्यांदेखत बुडत होती! मी नमुन्यांच्या बरण्या घेऊन बसलेल्या मामांवर कडाडले, “काय मिसळलंत यात?”

“मी कशाला मिसळू? तुमच्या चिठ्ठ्यांसकट दळलं. कणभरही काढायचं नाही म्हणालात ना? फार चिवट हो त्या! दोन-दोनदा दळाव्या लागल्या.”

पुठ्ठ्यात जवळपास चाळीस टक्के कार्बन असतो, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. गप्प बसले असते तर अब्रू वाचली असती, पण गवत गेलं असतं.

“अध्यक्षकाका,” मी कशीबशी उठले, “कार्बन तुमच्या नांगरानं नाही वाढला. माझ्या पुठ्ठ्यानं वाढला.”

लोक इतके हसले की निर्णय महिनाभर पुढे ढकलावा लागला. मी नवा गाळ आणून पुन्हा मोजला: शून्य पूर्णांक सात टक्के. बोये मंजूर झाले!

आता दळणयंत्राच्या वर मामांच्या अक्षरात एक फलक लटकतोय: ‘दळण्याआधी आतली चिठ्ठी काढावी. ताई काहीही म्हणाल्या तरी.’

त्यात चूक शोधण्यात मी चांगली दहा मिनिटं घालवली. एकही सापडली नाही!