तीन अक्षरांची चिठ्ठी

रुवैदा चिठ्ठी घेऊन दारात आली तेव्हा नौफान मास्तर मोजे घालत होते. एक पायात होता, एक हातात. पुतणीला पाहून ते तसेच उठले. नऊ वर्षांत तिने या घराची पायरी चढली नव्हती.

"बाबांनी दिलीय, काका," एवढं म्हणून ती आल्या पावली परत गेली.

चिठ्ठीवर धाकट्या भावाच्या, मिफलेह शिंप्याच्या, जाड अक्षरात एकच ओळ होती : 'मला आज स-ल-म पाहिजे.'

अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर कोणी लिहीत नाही, ते वाचणाऱ्याने मनातून घालायचे. मास्तरांच्या मनात नऊ वर्षं एकच गोष्ट होती. त्यांनी वाचलं : सिल्म. म्हणजे सलोखा.

"फिद्दा! मिफलेहला सलोखा हवाय. आजच्या आज!"

बायकोने हात पुसून चिठ्ठी पाहिली. "हे सुल्लम असेल हो. शिडी. मामंजींची लांब शिडी आपल्याच अंगणात पडलीय."

"चाळीस वर्षं मी या सल्त गावच्या पोरांना व्याकरण शिकवलं!" मास्तर हातातला मोजा नाचवत म्हणाले. "याच तीन अक्षरांतून सलाम होतो, सलामत होतं. धडधाकट माणूस तो सलीम. जुन्या भाषेत साप चावलेल्यालाही सलीमच म्हणत, बिचारा वाचावा म्हणून. हार मानणंसुद्धा यातलंच. एवढं सगळं सोडून माणूस नऊ वर्षांनी शिडी मागेल?"

"हवी असली तर मागेल," फिद्दा म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वीचं भावाभावांचं भांडणही व्याकरणाचंच होतं. वडिलांच्या कबरीवरचा दगड मिफलेहने पदरमोड करून कोरून घेतला होता. त्यात 'अबी'च्या जागी 'अबू' झालं, विभक्ती चुकली. चाळिसाव्या दिवशी सगळं गाव जमलेलं असताना मास्तरांनी खिशातून खडू काढून दगडावरच दुरुस्ती केली. मिफलेह काही बोलला नाही. मग कधीच बोलला नाही. तीन महिन्यांपूर्वी त्याची बायको नस्रा गेली, तेव्हा मास्तर शोकसभेत शेवटच्या खुर्चीवर बसले, कडू कॉफी प्यायले आणि भावाला न भेटता घरी आले. पुढे व्हायला पायच उचलला नव्हता.

दुपारनंतर मास्तर टाय लावून निघाले. बरोबर कुनाफा मिठाईचं ताट आणि जाहा, म्हणजे रदबदली करायला पाच वयस्कर मंडळी. पुढे हाजी इर्शेद. या मंडळींचा रिवाज असा, की यजमानाने दिलेली कॉफी समोर ठेवायची, आणि मागणं मान्य झाल्याशिवाय ओठाला लावायची नाही.

मिफलेहने दार उघडलं आणि पाच म्हाताऱ्यांच्या लांब अंगरख्यांकडे, मग टायकडे बघत राहिला. पण दारात आलेल्यांना बसवावंच लागतं. रुवैदाने कॉफी आणली. पाची पेले जमिनीवर टेकले.

"मिफलेह," हाजींनी घसा साफ केला, "आम्ही फार मोठं मागणं घेऊन आलोय."

मिफलेहने दचकून मुलीकडे पाहिलं. ती आत पळाली.

"मुलगा काय करतो?" त्याने विचारलं.

"मुलगा नाही रे," मास्तर म्हणाले, "मी आलोय."

"तू? वहिनीला माहितीय?"

एक म्हातारा खोकल्याच्या आड हसला. मास्तरांनी घाईघाईने चिठ्ठी काढली. "तूच लिहिलंस ना? सलोखा हवा म्हणून?"

मिफलेहने चिठ्ठी हातात घेतली, आपलंच अक्षर वाचलं. "मी शिडी मागितली होती," तो हळूच म्हणाला.

कोणी कोणाकडे पाहिना. शेवटी हाजींनीच विचारलं, "शिडी कशाला बाबा?"

"थंडी पडलीय. रजया वर माळ्यावर आहेत. नस्रा टेबलावर स्टूल ठेवून चढायची. मी ओरडायचो, पडशील म्हणून. मला गुडघ्याने नाही चढवत."

मास्तरांच्या खिशात चार पानांचं भाषण होतं. त्यांनी हातही घातला नाही. ते उठले आणि बाहेर पडले.

घरी फिद्दाने त्यांना शिडी उचलताना पाहिलं. ती 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाली नाही. तिने फाटक धरून ठेवलं. टाय लावलेले मास्तर खांद्यावर शिडी घेऊन उतारावरून निघाले, तेव्हा वाण्याने हाक मारली, "मास्तर, निघालात कुठे?"

"भावाकडे," ते म्हणाले. बऱ्याच वर्षांनी म्हणाले.

आतल्या खोलीत शिडी लागली. मिफलेहने खालून धरली, मास्तर चढले. वर हात पोचल्यावर त्यांचा धीर झाला.

"मिफलेह, त्या दिवशी कबरीपाशी मी..."

"आधी रजई दे."

मास्तरांनी रजई ओढली. घडीतून साबणाच्या दोन पांढऱ्या वड्या निसटून मिफलेहच्या पायाशी पडल्या. कसर लागू नये म्हणून नस्राने ठेवलेल्या. रजई खाली आली, मिफलेहने ती एका हाताने छातीशी धरली, आणि खोलीभर नस्राचा, ऑलिव्हच्या साबणाचा वास पसरला. मग एक आवाज आला. मास्तरांना आधी वाटलं शिडीच करकरली.

बाहेर हाजी इर्शेदांनी तो आवाज ऐकला. गार झालेला पेला उचलून ते प्यायले.

"कबूल झालं का?" शेजारच्याने कुजबुजत विचारलं.

"गप पी," हाजी म्हणाले.

आत मास्तर वरच होते. खाली पायरीला टेकून भाऊ रडत होता, त्यामुळे उतरायला वाट नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी कोणाचं वाक्य अर्धं राहू दिलं नव्हतं, आज स्वतःचंच अर्धं सोडलं. ते शिडीचा दांडा घट्ट धरून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने मिफलेहने वर पाहिलं. "अजून वरच आहेस?"

"तू खाली उभा. उतरू कुठून?"

"थांब मग जरा," मिफलेह म्हणाला, आणि त्याने पुन्हा रजईत तोंड घातलं.