विल्फ्रेडचा नेम आणि निळी गाय

यापुढे घरात एकही जुनी प्लेट आणणार नाही, अशी शपथ विल्फ्रेड टनिक्लिफने बायकोपुढे, हेस्टरपुढे, घेतली होती. तीही चर्चच्या दारात, पाद्रीबाबांच्या समोर, म्हणजे पळवाट ठेवायला जागाच नव्हती. त्यामुळे ती निळी प्लेट हाती आल्यावर ती घरात न नेता गॅरेजमध्ये ठेवायची, असं त्याने ठरवलं. (गॅरेज म्हणजे काही घर नव्हे, हा त्याचा मुद्दा. तो हेस्टरला पटेल, असं त्याचं त्यालाही वाटत नव्हतं.)

प्लेट दोनशे वर्षांपूर्वीची, अस्सल स्टॅफर्डशरची चिनीमाती. पांढऱ्यावर निळं चित्र. ओढा, झाड, धार काढायला बसलेली बाई, आणि मान वळवून थेट आपल्याकडे बघणारी गाय. विल्फ्रेडच्या कपाटात निळ्या मेंढ्या होत्या, गवताच्या निळ्या गाड्या होत्या, पण ही गाय नव्हती. तिच्यासाठी त्याने उभी हयात दुकानं पालथी घातली होती.

गॅरेजमध्ये हेस्टरच्या मावशीच्या भांड्यांचं खोकं पडलेलं होतं. त्यात त्याने प्लेट सरकवली. नाताळात खोकं उघडायचं, ‘अगंबाई, मावशीकडे काय निघालं बघ!’ म्हणून ओरडायचं, आणि गाय राजरोस घरात न्यायची. बेत इतका झकास होता, की चहा पिताना तो स्वतःशीच हसला.

शनिवारी गावची जत्रा होती. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला दरवर्षी भरायची ती. विल्फ्रेड हातात स्कोन, म्हणजे जाडसर गोड पाव, घेऊन प्लेटफोडीच्या स्टॉलपाशी आला. फळीवर जुनी भांडी मांडायची, लोकांनी पैसे देऊन चेंडू मारायचे आणि फोडायची, असा तो लाडका खेळ. स्टॉल हेस्टरकडे होता. आणि वरच्या फळीवर, अगदी मधोमध, गाय त्याच्याकडे बघत उभी होती.

स्कोन घशात अडकला.

“हेस्टर! ही भांडी कुठली?”

“मावशीची. कधीची धूळ खात पडली होती मेली!”

“अगं, मावशीची आठवण ती! आणि ती फोडायची?”

“तुला मावशीचा पुळका कधीपासून रे? ती आली की तू बागेतल्या शेडमध्ये दडून बसायचास.”

“ती निळी तेवढी काढून दे ना.”

“का?”

त्या ‘का’मध्ये चर्चचं दार होतं, पाद्रीबाबा होते, सगळं होतं. विल्फ्रेड फळीकडे बघत म्हणाला, “सहज. गाय बरी आहे.”

“म्हणूनच मधोमध ठेवलीय. लोकांना नेम धरायला काहीतरी नको?”

एवढ्यात क्लेमेंट बॅगली बाह्या सरसावत पुढे आला. गावचा खाटीक, आणि गावच्या क्रिकेट संघाचा कप्तान. “सरका सगळे! ती गाय माझी!”

“थांब!” विल्फ्रेड किंचाळला. “सगळे चेंडू मी घेतले!”

एकच हशा उसळला. कारण विल्फ्रेडची गोलंदाजी गावाला ठाऊक होती. जन्मात त्याचा चेंडू स्टंपला लागला नव्हता. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र लागला होता, आणि ती खिडकी मैदानाच्या बाहेर होती.

विल्फ्रेडचा हिशेब सरळ होता. सगळे चेंडू भलतीकडे फेकायचे, की खेळ खलास. पहिला त्याने मुद्दाम डावीकडे मारला. तो केकच्या टेबलावर जाऊन क्रीममध्ये रुतला. दुसरा उजवीकडे मारला, तर तो बँडवाल्याच्या भोंग्यात शिरला. तिसरा जमिनीवर आपटला, तो मेला उसळला आणि गायीशेजारचं सूपचं भांडं फोडून गेला!

“शाब्बास!” गर्दी ओरडली. विल्फ्रेडला घाम फुटला. हातात आता एकच चेंडू उरला होता.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. आपला चेंडू कधीही नेम धरल्या जागी जात नाही. मग गायीवरच नेम धरला, तर गायीला कसला धोका? इतकी साधी गोष्ट आधी सुचू नये, म्हणजे कमालच झाली! त्याने गायीच्या डोळ्यांत डोळे घातले, मनोमन तिला धीर दिला, आणि हात फिरवला.

खळ्ळकन आवाज झाला.

हेस्टर धावत आली आणि तिने सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. “लागला रे विल्फ, लागला! अगदी तोंडावर!” विल्फ्रेड ढसाढसा रडला. लोकांचेही डोळे पाणावले. एवढा आनंद कधी कुणाला झालेला त्यांनी पाहिला नव्हता.

“उद्याच्या सामन्यात पहिली ओव्हर तुझी,” बॅगली गहिवरून म्हणाला. (ती टाकून झाली. पंच आता बरे आहेत.)

हेस्टरने तुकडे वेचले, फळीवर चिकटवले आणि दिवाणखान्यात शेकोटीच्या वर टांगले. त्या जागी तिने आजवर एक बशीही लागू दिली नव्हती. गायीचं तोंड तेवढं सापडलं नाही. पाहुणे आले की हेस्टर त्यांना आधी तिथे नेते.

“प्लेट कुठली म्हणे?” कुणी विचारतं.

“कोण जाणे! मावशीचं भंगार. पण नेम बघा!”

आणि पाहुणे गेले, की विल्फ्रेडच्या खांद्यावर मायेने हात ठेवते.

“तुला जुन्या प्लेटा आवडतात ना रे? मग झालं तर! ही घरात मी आणली, म्हणजे तुझी शपथही मोडली नाही.”